न दुखणाऱ्या दुखण्याचा इतिहास

रोगाला आपल्या भाषेंत 'दुखणें' असा शब्द आहे, आणि तो ज्यांनीं प्रचारांत आणला त्यांची कांहीं चूक झाली नाहीं. दांत किडला कीं दाढ ठणकते, पोटांत बिघाड झाला कीं कळ येते, ताप भरला कीं अंग मोडून येतें. शरीर आपली तक्रार मांडतें, आणि ती तक्रार घेऊन आपण वैद्याकडे जातों. शतकानुशतकें वैद्य आणि रोगी यांचा व्यवहार ह्या एकाच अलिखित करारावर चालत आला आहे. रोग्यानें हांक मारावी आणि वैद्यानें ओ द्यावी.

आजच्या भाषणाचा विषय असलेला रोग हा करार पाळीत नाहीं. तो वीस-वीस, तीस-तीस वर्षें शरीरांत मुक्काम करतो आणि चकार शब्द काढीत नाहीं. मग एके दिवशीं छातींत असह्य कळ येते किंवा अर्धें अंग लुळें पडतें. आणि कित्येकदां तर अकस्मात् मृत्यु हेंच त्याचें पहिलें व शेवटचें लक्षण ठरतें. धमनीकाठिण्य हें त्याचें शास्त्रीय नांव. अशा मुक्या रोगाचीं कारणें माणसाला कशीं समजलीं, आणि तीं समजल्यावर गल्लींतल्या साध्या डॉक्टराचें काम कसें पालटलें, ही हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. हृदयापासून रक्त शरीरभर नेणाऱ्या नळ्यांना धमनी म्हणतात. निकोप धमनी लवचीक असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती किंचित् फुगते व पुनः आक्रसते. तिच्या आंतील पातळ अस्तराखालीं रक्तांतील मेदाचे कण शिरून सांचूं लागतात. त्यांना गिळून टाकण्यासाठीं रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें धांव घेतात आणि मेदानें तुडुंब भरून तेथेंच मरतात. थरावर थर चढतात, वर तंतूंचें कवच धरतें, कालांतरानें आंत चुना उतरतो. जुन्या नळांत कीट बसून धार बारीक व्हावी तसें हें घडतें, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. पण ती उपमा अर्धीच खरी आहे. कीट नळाच्या आंतल्या पृष्ठावर बसतो. हा सांठा भिंतीच्या पोटांत असतो. आणि धार बारीक होणें हा त्याचा मोठा धोका नव्हे. कवच फाटलें कीं त्या जागीं रक्ताची गुठळी धरते आणि घटकेंत वाट बंद पडते; प्राणघातक झटका बहुधा ह्याच रीतीनें येतो. युरोपांतील पंडितांनीं ह्या रोगाला दिलेलें नांव दोन ग्रीक शब्दांचें आहे. एकाचा अर्थ पिठाची पेज आणि दुसऱ्याचा अर्थ काठिण्य. फेलिक्स मार्शांड ह्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानें १९०४ सालीं ते दोन शब्द जोडले. आंत पेज आणि बाहेर दगड, असें त्या सांठ्याचें यथार्थ वर्णन त्यांत आहे.

हा रोग आधुनिक सुखवस्तूपणाचें अपत्य आहे, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाहीं. मार्क आर्मांड रुफर ह्या वैद्यानें इजिप्तमधील हजारों वर्षांच्या ममींच्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या आणि त्यांत हाच विकार असल्याचें १९११ सालीं प्रसिद्ध केलें. ममी होण्याचें भाग्य राजेरजवाड्यांना व पुरोहितांना, म्हणजे खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांना. तेव्हां हा पुरावा एकांगी आहे, अशी शंका कोणी घेईल. परंतु इजिप्त, पेरू, उत्तर अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्यूशन बेटें अशा चार ठिकाणच्या १३७ ममींच्या क्षकिरणचित्रांचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शिकारीवर व मासेमारीवर जगणारे लोकही होते. त्या १३७ पैकीं ४७ जणांत विकाराचीं चिन्हें निश्चित अथवा संभाव्य म्हणून आढळलीं. रोगाचें बीज मनुष्यजातीइतकेंच पुरातन असावें; आधुनिक काळानें त्या बीजाला खतपाणी घातलें, एवढेंच.

पण हा रोग जुना आहे म्हणूनच त्याच्याविषयीं फार काळ कोणी विचार केला नाहीं. केस पिकतात, दांत पडतात, तशा धमन्याही कठीण होतात. म्हातारपणाचें तें देणें आहे, असें वैद्यांनाही वाटे. ज्या गोष्टीला कालगति म्हणावयाचें तिचें कारण कोण शोधणार?

तरी शोधणारे निघाले. १९१० सालीं आडोल्फ विंडाउस ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, रोगट महाधमनीच्या भिंतींत कोलेस्टेरॉल नांवाचा मेणचट पदार्थ निरोगी महाधमनीपेक्षां कितीतरी पट अधिक असतो. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय आनिच्कोव्ह आणि त्याचा सहकारी खालातोव्ह यांनीं शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलांत विरघळवून सशांना चारलें. कांहीं आठवड्यांतच सशांच्या धमन्यांत तसेच मेदाचे थर दिसूं लागले. शोध मोठा होता. पण त्याच्या वाटेंत आक्षेप उभा राहिला. तोच प्रयोग उंदरांवर व कुत्र्यांवर केला असतां तसें कांहीं घडेना. गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्या प्रकृतीबाहेरचें अन्न चारून जें सिद्ध झालें तें माणसाला कसें लागू करावें, असें विद्वानांनीं विचारलें, आणि आनिच्कोव्हचें कार्य कित्येक वर्षें अडगळींत पडलें.

दुसरें साधन रक्ताचा दाब मोजण्याचें. १८९६ सालीं सिपिओने रिव्हा-रोच्ची ह्या इटालियन डॉक्टरानें दंडाला गुंडाळावयाचा रबरी पट्टा व पाऱ्याची नळी यांचें यंत्र रचलें. १९०५ सालीं निकोलाय कोरोत्कोव्ह ह्या रशियन शस्त्रवैद्यानें पट्ट्याखालील धमनीचा आवाज ऐकून दाबाचे वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे काढण्याची युक्ति दाखविली. आजही आपला डॉक्टर पट्टा बांधून कानाला नळी लावतो तेव्हां त्याच रीतीनें काम करतो. मौज अशी कीं, हें यंत्र हातीं येऊनही वैद्यांपैकीं पुष्कळांना वाढलेला दाब हा शत्रु वाटत नव्हता. कठीण झालेल्या धमन्यांतून रक्त पुढें ढकलावयाचें तर दाब वाढणें आवश्यकच आहे, असा त्यांचा तर्क. म्हणून त्या विकाराच्या इंग्रजी नांवांतही आवश्यक ह्या अर्थाचा शब्द येऊन बसला. उलट, अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच विमा उतरवूं पाहणाऱ्या धडधाकट माणसांचे दाब मोजण्यास प्रारंभ केला होता, आणि ज्यांचा दाब अधिक ते लौकर मरतात हें त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत उतरत होतें. वैद्याला जें दिसलें नाहीं तें मुनिमाला दिसलें; कारण वैद्याकडे आजारी माणूस येई आणि मुनिमाकडे निरोगी.

ह्या अज्ञानाची किंमत किती थोर माणसांनाही द्यावी लागली याचें उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्यें डॉ. हॉवर्ड ब्रुएन ह्या हृदयतज्ज्ञानें त्यांना तपासलें तेव्हां त्यांचा दाब १८६ व १०८ असा भरला आणि हृदय थकलेलें आढळलें. डिजिटॅलिस, मीठ कमी, विश्रांति, एवढीच त्या काळच्या वैद्यकाची भात्यांतील शस्त्रें. जगाला मात्र अध्यक्षांची प्रकृति उत्तम आहे असें सांगण्यांत येत होतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं वॉर्म स्प्रिंग्ज येथें, वयाच्या ६३ व्या वर्षीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन ते निवर्तले. त्या दिवशीं त्यांचा दाब ३०० व १९० होता. सैन्यें हलविणाऱ्या माणसाच्या रक्ताचा दाब हलविण्याचें सामर्थ्य कोणापाशींही नव्हतें.

१६ जून १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं हृदयविकाराच्या संशोधनासाठीं केलेल्या कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रॅमिंगहॅम ह्या गांवीं एका विलक्षण अभ्यासाला आरंभ झाला. हें गांव बोस्टनच्या पश्चिमेस सुमारें वीस मैलांवर. तेव्हां वस्ती सुमारें २८,०००. पूर्वीं, १९१७ पासून १९२३ पर्यंत, क्षयरोगाच्या निवारणाचा एक मोठा उपक्रम येथें होऊन गेला होता. तेव्हां डॉक्टर दारांत आला तर दार लावून घ्यावयाचें नाहीं, ही संवय गांवाला होती. ३० ते ६२ वर्षें वयाचे ५,२०९ स्त्रीपुरुष निवडण्यांत आले. त्यांत स्त्रिया पुरुषांहून अधिक होत्या. ह्यांना हृदयविकार झालेला नसावा, हीच मुख्य अट. दर दोन वर्षांनीं त्यांनीं यावें, रक्त द्यावें, दाब मोजून घ्यावा, आपण काय खातों, किती धूम्रपान करतों हें सांगावें आणि घरीं जावें. अभ्यास करणारांनीं औषध द्यावयाचें नाहीं. जें आढळेल तें त्या व्यक्तीच्या नेहमीच्या डॉक्टरास कळवावयाचें, असा दंडक होता. नंतर वाट पाहावयाची. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाहीं, हें वर्षानुवर्षें टिपीत राहावयाचें.

ह्या पद्धतींत नवें काय होतें, तें नीट समजून घेतलें पाहिजे. तोंवर वैद्यक मृताच्या शवापासून किंवा रोग्याच्या खाटेपासून मागें जाऊन कारण शोधी. फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासकांनीं निरोग्यापासून पुढें चालावयास आरंभ केला. डॉ. टॉमस डॉबर यांच्या हाताखालीं हें काम चिकाटीनें चाललें. पहिल्या सहा वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष डॉ. विल्यम कॅनेल व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केला. रक्ताचा दाब अधिक, रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक, हृदयाच्या विद्युत्-आलेखांत डाव्या बाजूचा स्नायु जाड झाल्याचें चिन्ह, असें ज्यांच्यांत आढळलें त्यांना झटके अधिक आले, आणि एकाहून अधिक गोष्टी एकत्र आल्या तर धोका आणखी वाढला. धूम्रपान आणि मधुमेह हेही त्याच पंक्तींत येऊन बसले. ह्या साऱ्यांना त्या लेखांत जोखमीचे घटक ह्या अर्थाचें नांव मिळालें, आणि आज जगांतील प्रत्येक दवाखान्यांत तें नांव उच्चारलें जातें.

जोखीम हा शब्द आपल्या पेढ्यांना परका नाहीं. जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार होता. माल ठिकाणीं सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. अमुक गलबत बुडेल कीं तरेल हें सावकाराला ठाऊक नसे. पण पावसाळ्याच्या तोंडावर, जुन्या डोलकाठीनें निघालेल्या शंभर गलबतांपैकीं साधारण किती परततात, याचा त्याला अदमास असे आणि त्याप्रमाणें तो दर ठरवी. फ्रॅमिंगहॅमनें वैद्यकाला हाच सावकारी विचार शिकविला. तुम्हांला झटका येईल असें तो म्हणत नाहीं. तुमच्यासारख्या शंभर माणसांपैकीं इतक्यांना येतो, एवढेंच तो म्हणतो.

त्याच सुमारास लंडनमध्यें दोन सुंदर निरीक्षणें झालीं. १९५३ सालीं डॉ. जेरी मॉरिस यांनीं तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. गाडी हांकणारा ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि तिकिटें देणारा कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. वर्ग एक, पगार जवळजवळ सारखा. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, व जो आढळला तो पुढील वयांत व सौम्य. म्हणजे अंगमेहनत हृदयाचें रक्षण करते, असा निष्कर्ष निघाला. परंतु मॉरिस यांची शास्त्रनिष्ठा अशी कीं, १९५६ सालीं त्यांनीं ह्याच नोकरांच्या गणवेषांचीं मापें तपासलीं, आणि ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेला आरंभापासूनच अधिक रुंद होत्या असें स्वतःच जाहीर केलें. मेहनतीच्या अभावानें माणूस रोगी झाला, कीं मुळांत स्थूल असलेला माणूस बसण्याच्या कामाकडे वळला? हा प्रश्न त्यांनीं झांकून ठेवला नाहीं. पुढील संशोधनानें व्यायामाची महती कायम ठेविली. पण दोन गोष्टी बरोबर चालतात एवढ्यावरून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, हा धडा त्या विजारींनीं शिकविला.

दुसरें निरीक्षण रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचें. त्यांनीं १९५१ सालीं ब्रिटनमधील डॉक्टरांनाच धूम्रपानाविषयीं प्रश्न पाठविले. सुमारें ४०,००० डॉक्टरांनीं उत्तरें दिलीं, आणि मग कोण कशानें मरतो याची नोंद ठेवण्यांत आली. धूम्रपान करणारांत फुप्फुसाचा कर्करोग तर अधिक होताच, पण हृदयाच्या धमन्या बंद पडून होणारे मृत्युही अधिक होते. लोकांना उपदेश करणारा वर्गच येथें पुरावा झाला, आणि तो पुरावा वाचून त्यांतील पुष्कळांनीं सिगारेट सोडली.

इतकें कळलें तरी एक प्रश्न उरलाच. दाब वाढला कीं धोका वाढतो, हें ठीक. पण दाब उतरविला तर धोका उतरतो काय? याचें पहिलें निर्णायक उत्तर १९६७ सालीं अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून, डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या प्रयोगांतून आलें. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकीं निम्म्यांना खरें औषध व निम्म्यांना निरुपद्रवी गोळ्या देण्यांत आल्या. कोणाला काय मिळतें हें त्यांना ठाऊक नव्हतें. निरुपद्रवी गोळ्या घेणारांपैकीं २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला. औषध घेणारांपैकीं अवघ्या दोघांवर. कोलेस्टेरॉलच्या बाबतींत उत्तर मिळण्यास अधिक काळ लागला. आकिरा एंडो ह्या जपानी संशोधकानें हजारों बुरशा तपासून १९७३ सालीं एका बुरशींतून कोलेस्टेरॉलची उत्पत्ति रोखणारें द्रव्य काढलें. आणि त्या जातीच्या औषधानें हृदयरोग्यांचे मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं घटतात, हें १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ रोग्यांवरील प्रयोगानें सिद्ध झालें. आनिच्कोव्हच्या सशांना न्याय मिळण्यास अशीं ८१ वर्षें लागलीं.

श्रोतेहो, येथवरची कथा संशोधकांची झाली. पण ज्ञान ग्रंथांत आलें म्हणजे तें माणसाच्या दंडापर्यंत पोंचलें असें नव्हे. तें पोंचविण्याचें काम ज्यानें सर्वांआधीं पद्धतशीर केलें तो एका खेड्यांतील डॉक्टर होता. दक्षिण वेल्समधील ग्लिनकॉरुग हें कोळशाच्या खाणींवर जगणारें, सुमारें दोन हजार वस्तीचें गांव. डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट १९६१ सालीं तेथें दवाखाना चालवूं लागले. फुप्फुसांत धूळ गेलेले खाणकामगार, खोकला, सांधेदुखी, बाळंतपणें, ह्यांत दिवस सरावयाचा. तरीही १९६८ च्या सुमारास त्यांनीं निश्चय केला कीं, गांवांतील प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजावयाचा. कोणी पाठदुखीसाठीं आला तरी त्याचा दंड पुढें घ्यावयाचा. वर्ष-दोन वर्षांत जो फिरकलाच नाहीं त्याचें नांव यादींतून काढून त्याच्या मागें लागावयाचें. १९७० सालीं त्यांनीं ह्या कार्याचा वृत्तांत 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. नव्या यंत्राची गरज पडली नाहीं. रिव्हा-रोच्चीचा पट्टा, एक यादी आणि एक परिचारिका एवढ्यावर हें झालें.

ह्या साध्या कृतींत मी सुरुवातीस सांगितलेला करार मोडला गेला. हांक न मारतां ओ देणारा वैद्य येथें प्रथम दिसला. ही गोष्ट जितकी स्तुत्य तितकीच अवघडही आहे. ज्याला कांहींएक होत नाहीं त्याला, तुला विकार आहे आणि आतां जन्मभर गोळी घे, असें सांगण्याचा अधिकार वैद्याला कोणी दिला? सकाळीं धडधाकट म्हणून दवाखान्यांत शिरलेला माणूस दुपारीं रोगी म्हणून बाहेर पडतो. त्याची झोप उडते, गोळीनें कधीं चक्कर येते, गांठचा पैसा जातो. आणि मोबदल्यांत जें मिळतें तें दिसत नाहीं, कारण न आलेला झटका कोणाला दिसतो? म्हणून अशा डॉक्टराला औषधापूर्वीं विश्वास मिळवावा लागतो, आणि विश्वासाला वर्षें लागतात. हार्ट यांनीं त्या एका खेड्याला आपल्या आयुष्याचीं पंचवीसहून अधिक वर्षें दिलीं. १९९१ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिशेब मांडला तेव्हां शेजारच्या तशाच गरीब खेड्यापेक्षां ग्लिनकॉरुगमध्यें पासष्ट वर्षांखालील मृत्यूंचें प्रमाण कमी भरलें. एका लहान गांवाच्या आंकड्यांवर फार मोठा इमला उभारूं नये, हें खरें. तरी दिशा स्पष्ट होती.

हार्ट यांच्या नांवाशीं आणखी दोन विचार निगडित आहेत. पहिला १९७१ चा. जेथें वैद्यकीय साह्याची गरज अधिक, तेथेंच तें कमी मिळतें, असा उलटा नियम त्यांनीं दाखविला. दुसरा अर्ध्या-अर्ध्याचा नियम. वाढलेल्या दाबाच्या लोकांपैकीं निम्म्यांना तो आहे हें ठाऊकच नसतें. ज्यांना ठाऊक असतें त्यांपैकीं निम्मेच उपचार घेतात. आणि जे घेतात त्यांपैकीं निम्म्यांचाच दाब ताब्यांत राहतो. म्हणजे आठांपैकीं सात जण कोठें ना कोठें गळतात. हा अदमास अनेक देशांच्या पाहण्यांत थोड्याफार फरकानें खरा ठरला आहे. धमनीकाठिण्याच्या बाबतींत आपलें अपयश अज्ञानाचें कमी आणि पोंचण्याचें अधिक आहे, असें मी म्हणतों तें ह्यामुळें.

आतां आपल्याकडे वळूं. फ्रॅमिंगहॅमचीं माणसें जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचीं होतीं. त्यांचीं मापें आपणांस जशींच्या तशीं लागू पडतील काय? ५२ देशांतील सुमारें ३०,००० व्यक्तींच्या तुलनेचा जो अभ्यास डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालीं २००४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यानें उत्तराचा एक भाग दिला. धूम्रपान, रक्तांतील मेदाचें बिघडलेलें प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळेंभाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्याचा संबंध, ह्या नऊ गोष्टींनीं पहिल्या झटक्याची जोखीम पुरुषांत सुमारें ९० टक्के व स्त्रियांत ९४ टक्के उलगडते, आणि हें सर्व खंडांत खरें आहे. परंतु २००७ सालीं त्याच सामग्रीवरून दिसून आलें कीं, दक्षिण आशियांतील लोकांना पहिला झटका सरासरीनें ५३ व्या वर्षीं, म्हणजे इतर देशांतील लोकांच्या जवळजवळ सहा वर्षें आधीं, येतो.

उत्तराचा दुसरा भाग पुण्यांतून आला. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास आरंभिला. त्या खेड्यांतील अर्भकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो. आपलीं बाळें हाडांनें व मांसानें पुष्कळच कमी; पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. दिसायला कृश आणि आंतून मेदयुक्त, अशी ही ठेवण जन्मापासूनच दिसते. २००४ सालीं डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां मित्रांचें एक छायाचित्र 'लॅन्सेट'मध्यें आलें. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचाही २२.३, पण अंगांतील मेद एकाच्या ९.१ टक्के, तर आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या २१.२ टक्के. वजनाच्या कांट्यानें दोघांना सारखें ठरविलें होतें. 'मी तर काटकुळा, मला कशाचा हृदयविकार?' असें जो आपल्यांत म्हणतो त्यानें हें छायाचित्र ध्यानांत ठेवावें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जोखीम म्हणजे प्राक्तन नव्हे. जोखमीचे सर्व घटक असूनही कोणी नव्वदी गांठतो, आणि एकही नसतां कोणी अकालीं जातो. त्यावरून शास्त्र खोटें ठरत नाहीं, जसें एक जुनें गलबत सुखरूप आल्यानें सावकाराचा हिशेब खोटा ठरत नाहीं. शिवाय डॉ. जेफ्री रोझ ह्या ब्रिटिश वैद्यानें दाखविल्याप्रमाणें, एकूण झटक्यांपैकीं मोठा भाग फार धोक्याच्या मूठभर लोकांतून येत नसून मध्यम धोक्याच्या बहुसंख्य लोकांतून येतो. म्हणून केवळ डॉक्टरानें यादी करून भागत नाहीं. मीठ, तंबाखू, चालावयास रस्ता, परवडणारी भाजी, ह्या सर्व समाजाच्या गोष्टी आहेत. त्यांचा भार एकट्या रोग्याच्या शिरावर टाकून त्याला दोष देणें अन्याय्य होईल. दिवसभर उन्हांत राबून संध्याकाळीं वडापाववर भूक भागविणाराला फळें खा म्हणून सांगणें सोपें आहे.

तथापि समाज सुधारेपर्यंत दंड पुढें करावयास कोणाची हरकत नसावी. तिशी उलटलेल्या माणसानें, आपण बारीक असूं वा जाड, दाब, रक्तांतील साखर आणि मेद यांची मोजणी करून घ्यावी. आई-बापांपैकीं कोणी हृदयविकारानें अकालीं गेलें असेल तर तें डॉक्टरास न विचारतां सांगावें. गोळी सुरू झाली असेल तर बरें वाटतें म्हणून ती परस्पर बंद करूं नये, कारण ह्या विकारांत बरें वाटणें याला कांहींच अर्थ नसतो. आणि ज्यांचे दवाखाने वस्त्यावस्त्यांतून चालतात त्या डॉक्टर मंडळींना माझी नम्र विनंति आहे कीं, समोरचा माणूस खोकल्याचें औषध मागावयास आला असला तरी दोन मिनिटें काढून त्याच्या दंडाला पट्टा बांधावा. त्याचें शरीर त्याविषयीं तक्रार करणार नाहीं. ती विचारणा आपल्यालाच करावी लागेल.